नुसते पाय

शाळेच्या भिंतीवर मुलींनी छेडछाडीची चित्रं रंगवली होती. माझ्या लेकीच्या चित्रात आमची गल्ली होती आणि तिच्यात पुरुषांचे नुसते पाय.

"चेहरे कुठे गं?"

"कधी बघितलेत मी? तूच म्हणतेस ना, मान खाली घालून चाल."

म्हणतेच मी. मीही तशीच चालत आले. भीतीला आम्ही वळण म्हणत राहिलो.

मग एका सँडलवर नजर अडली. तुटलेल्या पट्ट्याला निळी वायर बांधलेली. ते सँडल रोज आमच्या शेजारच्या दाराबाहेर असतात. उद्या जिन्यात तोच माणूस समोर येणार. "छान रंगवलंयस" म्हणावं आणि निघावं, असं फार वाटलं.

"आई, तूपण ओळखलंस ना?"

"हो."

आवाज इतका बारीक निघाला, की मला पुन्हा म्हणावं लागलं.