आपांची कोरियन

आपांना कोरियन भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी अख्ख्या पोंभुर्ण्यात कोरियन मालिका त्यांच्यासारखी कुणाला सांगता यायची नाही. बाजाराच्या रस्त्याला लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. एका भिंतीला मशीन, समोरच्या भिंतीला टीव्ही, मध्ये सतरंजी. दुपारची भांडी आटोपली की बाया येऊ लागत. कुणाच्या हातात ब्लाउजचं कापड असे, पुष्कळींच्या हातात काहीच नसे. आपा मशीनवरूनच टीव्ही लावत. पडद्यावरच्या गोऱ्यागोमट्या माणसांनी तोंड उघडलं की आवाज यायचा तो आपांचा, आणि तोही आमच्या बोलीत.

"हा साहेब म्हनते, मी तुह्यावाचून राहू शकत नाई. ते पोरगी म्हनते, मंग दोन वर्स कुठी होता बे?"

सतरंजीवर हशा पिकायचा आणि मशीन पुन्हा सुरू व्हायची.

तेव्हा या मालिका हिंदीत मिळत नव्हत्या. चंद्रपूरला अस्तराचं कापड आणि धागे आणायला गेल्या की आपा तिथल्या एका मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणायच्या. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं पळायची, पण आपा चौथीपर्यंतच शिकलेल्या. त्या माणसांचे चेहरे बघायच्या आणि गोष्ट लावत जायच्या. टीव्हीचा आवाज मात्र कधी पूर्ण बंद केला नाही. मी एकदा विचारलं, "आपा, समजत नाई तं आवाज कायले ठेवता?" तर म्हणाल्या, "बोलनं मी घालतो पोरी, पन रडनं त्यायचंच पायजे. तसं रडनं मी कुठून आनू?"

आमचं घर समोरच होतं. मी अकरावीत होते, बाबा तहसील कचेरीत शिपाई. सतरंजीवर इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. सुरुवातीला मला फार उत्साह होता. एका दुपारी पडद्यावरची सून सासूला म्हणत होती, की मी हे घर सोडून चालले. आपांनी ते केलं, "मी मायरी चार दिवस जाऊन येतो." मी लगेच म्हणाले, "आपा, खाली तसं नाई लिहिलं." आपांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग सतरंजीच्या एका टोकाला बसलेल्या, नुकत्याच सासरहून आलेल्या एका पोरीकडे पाहिलं. तिचा नवरा आदल्याच दिवशी तिला न्यायला येऊन हात हलवत परत गेला होता, आणि ती त्याच्याबरोबर जायचं का नाही या विचारात होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आपा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "लिहिनाऱ्याले काय मालूम, इथी कोन बसून हाय?"

त्या दिवसापासून मी खालची अक्षरं मनातच वाचू लागले. एक गोष्ट पडद्यावर चालायची, दुसरी आपांच्या तोंडून. दोन्ही एकाच वेळी ऐकायचं भाग्य फक्त मला मिळालं. कुठे फाटा फुटणार, आपा कुठून कुठे नेणार, हे बघताना मी थक्क व्हायचे. कारण पुढचा भाग त्यांनीही आधी पाहिलेला नसायचा. कापड फाटत जावं आणि त्याच वेळी कुणी ते शिवत जावं, तसं ते होतं.

गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धा लागल्या की मात्र याच आपा निराळ्या व्हायच्या. लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा हिंदीत असायची. पेन ड्राइव्हमध्ये कधी कोरियन मुलींच्या नाचण्याच्या स्पर्धाही यायच्या. त्यात आपा एक शब्द स्वतःचा घालायच्या नाहीत. कुणी मूल गायला उभं राहिलं की मशीन बंद. परीक्षक बोलू लागले की पुन्हा सुरू. निकाल सांगायच्या आधी ती लांबलचक शांतता आणि तोच चेहरा पुन्हा पुन्हा, हे त्यांना मुळीच खपायचं नाही. "अरे, लेकराचा जीव चालला ना, सांगून टाक ना बे लवकर!" असं त्या पडद्यावर ओरडायच्या. एका आठवड्यात एक सावळी, दात पडलेली पोरगी बाहेर गेली. मंदाबाई म्हणाली, "आपा, ते जितली असं सांगा ना." आपांनी मान हलवली. "नाई मंदा. शिरेल सगळ्यायची असते, निकाल त्या लेकराचा असते. त्याच्यात मी कशी बोलू?" आणि ती पोरगी पडदाभर हात हलवत मागे गेली, तेव्हा आपांनी मापाचा टेप गळ्यातून काढला आणि उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. जिंकणाऱ्यासाठी त्या कधी उठल्या नाहीत.

ही मंदाबाई दुकानात रोज येणाऱ्यांपैकी. दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची. तिचा चौथीतला मुलगा तापानं गेला होता. चंद्रपूरला नेताना, गाडीतच. त्यानंतर ती धानाच्या रोवण्याला गेली नाही, कुणाच्या लग्नाला गेली नाही. आमच्याच बौद्ध मोहल्ल्यातली, म्हणून आईच तिला एकदा हाताला धरून आपांकडे घेऊन आली. आपांनी तिला काही विचारलं नाही. एक ब्लाउज आणि सुई हातात दिली, "मंदा, एवढी तुरपाई करून दे वं," म्हणाल्या. तेव्हापासून ती येत राहिली. फारसं बोलायची नाही. घरी मुलाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, असं आई सांगायची.

त्या उन्हाळ्यात जी मालिका चालू होती, तिच्यात एक खाणावळवाली बाई होती. आपांनी तिचं नाव शकू ठेवलं होतं आणि तिच्या लहान मुलाचं मुन्ना. मुन्ना सगळ्यांचा लाडका. पळत यायचा, भाताचा गोळा तोंडात कोंबायचा, आईच्या पदराला, म्हणजे तिच्या त्या कोटाला, हात पुसायचा. तो आजारी पडला तेव्हाच पुढे काय येणार ते मला कळलं. खाली लिहिलेलं मी वाचत होते.

आणि मग ती दुपार आली. दवाखान्याची खोली, नळ्या, शकू पलंगाशी. यंत्रावरची रेघ सरळ झाली. डॉक्टरनं मान खाली घातली. शकूनं जो हंबरडा फोडला, तसा मी पुन्हा कुठल्या पडद्यावर ऐकला नाही. आपांचा पाय मशीनवर थांबला. सगळ्या सतरंजीला ठाऊक होतं दाराजवळ कोण बसलंय. कुणी मागे वळून पाहिलं नाही. टीव्ही बंद करायला आपांना एक बोट पुरलं असतं. त्यांनी बंद केला नाही.

त्या बोलू लागल्या. आवाज जरासा घोगरा, पण न अडखळता.

"डॉक्टर म्हनते, बाई, इथी याचा इलाज नाई. याले दूर पाठवा लागन. मोठा दवाखाना हाय तिथी. मायले नाई जाता येत. एकट्यालेच जा लागते. म्हनून रडून राह्यली माय."

मी खालची अक्षरं वाचत होते. पडद्यावर आता काळे कपडे घातलेली माणसं, मुन्नाचा मोठा फोटो, त्याला काळी फीत, समोर पांढऱ्या फुलांची रास. आता इथून काय करणार आपा? आता कुठला रस्ता उरला?

"गेला मुन्ना. विमानात बसला," आपा म्हणाल्या. "त्यायच्यात अशी रीत हाय. लेकरू दूर गेलं का त्याचा फोटो समोर ठेवतात, फुलं ठेवतात. सुखरूप पोचाव म्हनून."

एकीनंही "काहीतरीच काय, आपा" म्हटलं नाही. इतर वेळी नायकाच्या शर्टाच्या रंगावरून वाद घालणाऱ्या त्या बाया. मग दाराजवळून मंदाबाईचा आवाज आला. कित्येक दिवसांत तिनं आपणहून काही विचारलं नव्हतं.

"आपा, तिथी त्याले जेवाले भेटते का?"

आपांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "भेटते. भात भेटते. गरम."

मंदाबाईनं मान हलवली आणि पुन्हा तुरपाई करू लागली. मी घरी येऊन मोरीत जाऊन रडले.

पुढे कितीतरी भाग मुन्ना तसाच दूर राहिला. शकू आभाळाकडे बघायची तेव्हा आपा सांगायच्या, विमान जाऊन राह्यलं. ती एकटीच खाणावळीत बसून बोलायची, तेव्हा ती फोनवर मुन्नाशी बोलत असायची, फोन टेबलाखाली आहे म्हणून दिसत नाही. मालिका संपली आणि दुसरी सुरू झाली. मी चंद्रपूरला कॉलेजात गेले. सुटीला यायचे तेव्हा मंदाबाई चपलांपासून जराशी आत सरकलेली दिसायची. नंतर ती आपांच्या शेजारी बसून काज-बटणं करू लागली.

मग सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, आणि त्याच मालिका हिंदी आवाजात मिळू लागल्या. मी दिवाळीला घरी होते. दुकानात जुन्याच बाया होत्या. गल्लीच्या शेवटच्या घरातली ज्योत्स्ना ब्लाउज न्यायला आली आणि उंबऱ्यातूनच हसत म्हणाली, "आपा, तुमची ते शकूवाली शिरेल हिंदीत आली ना! म्या पुरी पाह्यली. तुमी तं काहीच्या काही सांगतलं होतं. मुन्ना तं मरते त्याच्यात!"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. लग्न होऊन ती त्या उन्हाळ्यानंतर गावात आली होती, ती मालिका तिनं फक्त बायांच्या तोंडून ऐकलेली. आपांच्या हातातली कात्री कापडात अर्ध्यावर राहिली. मी त्यांना कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

बोलली मंदाबाई. बटण लावता लावता, मान वर न करता.

"मले मालूम होतं."

"मंदा..." आपा म्हणाल्या.

"त्या मायचं तोंड दिसत होतं ना मले, आपा. तसं तोंड दवाखान्यात पाठवतानी नाई होत." तिनं दातानं धागा तोडला. "पन तुमी म्हनलं ना, फुलं सुखरूप पोचाव म्हनून ठेवतात. ते मले पटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी फोटो सिधा केला. रोज फुलं ठेवतो. नाई तं मले त्याच्याकडे पाहावतच नव्हतं."

आपांनी कात्री खाली ठेवली. चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसत राहिल्या. ज्योत्स्ना उंबऱ्यावर तशीच उभी, काय झालं ते न कळून. शेवटी मंदाबाईनंच तिला ब्लाउज घडी करून दिला आणि म्हणाली, "बाह्या सैल वाटल्या तं सांगजो." आणि मला आपांकडे आणि मंदाबाईकडे बघताना वाटलं, एवढा वेळ मी समजत होते की खरी गोष्ट एकट्या मला वाचता येते. तिथं तर प्रत्येकीनं ती वाचली होती, आणि कुणी कुणाला सांगितली नव्हती.

साखरेच्या आजारानं आपांचे डोळे पुढे दोनेक वर्षांत गेले. आधी सुईत धागा जाईना, मग पडद्यावरचे चेहरे पुसट झाले. त्यांची बल्लारपूरला दिलेली मुलगी न्यायला आली होती, पण त्या गेल्या नाहीत. दुकान मंदाबाई चालवू लागली. मागच्या थंडीत आपा वारल्या. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला पोचता आलं नाही. डोळे गेल्यानंतर एकदाच त्यांना भेटता आलं होतं, तेच आता डोळ्यांपुढे आहे.

दुपार होती. आपा भिंतीला टेकून खाटेवर, डोळे बंद, चेहरा टीव्हीकडे. मशीनवर मंदाबाई. हिंदी मालिका मिळत असतानाही पेन ड्राइव्ह लावलेला, परभाषेतली कुठलीशी नवी गोष्ट, आणि मंदाबाई बघून बघून सांगत होती. तिचं सांगणं आपांसारखं रसाळ नव्हतं. तुटक, सरळ. मी आल्याची तिनं मानेनंच दखल घेतली, पण सांगणं थांबवलं नाही. पडद्यावर एक म्हातारा मच्छीमार होता. त्याचा तरुण मुलगा समुद्रावर गेलेला, आणि किनाऱ्यावर माणसं जमलेली.

"काय झालं वं?" आपांनी विचारलं. त्यांना रडणं ऐकू येत होतं.

मंदाबाईचा पाय थांबला. तिनं पडद्याकडे नीट पाहिलं.

"मेला त्याचा पोरगा," ती म्हणाली.

"काऊन मारलं गं त्याले?"

"मी नाई मारलं, आपा. मेला तो." तिचा आवाज हलला नाही. "बाप वाळूत बसून हाय. गावचे लोक त्याच्याजवळ येऊन बसून राह्यले. एक बाई भात घेऊन आली."

आपांनी हवेत हात पुढे केला. मंदाबाईनं मशीनवरून उठून तो धरला. आपांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर, मी शपथेवर सांगते, अभिमान होता.

"बरं," आपा म्हणाल्या. "मंग? खाल्ला का त्यानं भात?"