डोळे शोधणारा कॅमेरा आणि बिबवेवाडीचं लग्न

शुक्रवारी माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर कायमचं अडकलं आणि रविवारी बिबवेवाडीत लग्नाचं काम होतं. त्यामुळे ही सहल हौसेची नाही. धायरीचं घर, बुधवार पेठेतलं कॅमेऱ्याचं दुकान, बिबवेवाडीचं कार्यालय एवढाच पल्ला. पण कॅमेरा घ्यायला निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

वधूपिता निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी आधीच बजावलं होतं, "थोरलीच्या लग्नात अंतरपाट सरकला आणि फोटोवाल्यांनी नेमकं माझ्या मेव्हण्याचं टक्कल टिपलं. अहो, तो क्षण पुन्हा येत नाही. तेवढा एक फोटो चोख द्या."

शनिवारी सकाळी लवकर निघालो. सिंहगड रस्त्याला उशिरा लागणाऱ्यांनी वाहतूक कोंडीसाठी सोबत डबा ठेवावा. दुचाकी मंडईच्या पार्किंगमध्ये लावा आणि पुढे पायी जा.

मी फोटोग्राफी कुणाकडे शिकलो नाही. माहितीपुस्तिका वाचून आणि रोल वाया घालवून शिकलो. म्हणून दुकानात घाई करत नाही. न बघता बटणं सापडतात का, हे पाहतो. दाराशी उजेडात फोटो काढतो, मग अंधारात. काउंटरखाली वाकलो, तसे दुकानदार म्हणाले, "काही पडलंय का?"

"अंधारात कसा चालतो, ते बघतोय."

"अंधार फुकट आहे. कॅमेऱ्याचं बोला. हा माणसाचे डोळे स्वतः शोधतो. फोकस तिथेच."

"मग मी काय करायचं?"

"जेवायचं."

घेतला. किंमत लिहीत नाही, आमची ही हा ब्लॉग वाचते. जवळच मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव शिळा.

रविवारी नवले पुलाखालून कात्रजमार्गे गेलो. हा रस्ता लांबचा वाटतो, पण सकाळी बरा. मंगलाष्टकं सुरू झाली, मी बाजूला जागा धरली आणि पहिले फोटो पाहून घाम फुटला. वधूवरांच्या माना खाली, डोळ्यांपुढे मुंडावळ्या. कॅमेऱ्याला त्यांचे डोळे सापडेनात. मग त्याला दिसले ते त्याने धरले: मध्ये अंतरपाट घेऊन उभ्या गुरुजींचे. प्रत्येक फोटोत गुरुजी लख्ख, वधूवर धुक्यात.

ती सोय बंद करायची कुठून? जुन्या कॅमेऱ्यात मी डोळे मिटूनही गेलो असतो. इथे पडद्यावर यादीतून यादी निघत होती. शेवटचं मंगलाष्टक आलं. लोकांच्या मुठीत अक्षता. एवढ्यात वराच्या आत्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं, दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं गुंफून. सर घड्याळ बघू लागले.

"अजून आहे का हो?" मागून कुणीतरी.

"आता मामेभाऊ सुरू झालेत," दुसरा.

मी मनात म्हटलं, आत्याबाई, चुलतभाऊही घ्या! त्यांनी घेतले. त्यांच्या चुलत जावेपाशी मला ती सोय सापडली. बंद केली, लेन्सची रिंग फिरवून अंतरपाटाच्या कडेवर फोकस बसवला, कारण ती कड आणि दोघं माझ्यापासून सारख्याच अंतरावर होती. अंतरपाट सरकला. मुलीने मान वर केली, मुलगा हसला, मी बटण दाबलं.

सरांनी चष्मा लावून पडद्यावर तो फोटो बराच वेळ पाहिला. "हं," म्हणाले, "जेवून जा." पुण्यात याहून मोठी पावती मिळत नाही.

पंगतीत गुरुजी शेजारी बसले. मठ्ठ्याचा घोट घेऊन हळूच म्हणाले, "मघाशी कॅमेरा सारखा माझ्यावर होता का?"

"यंत्राची चूक हो. काढून टाकतो."

"नको. इतकी लग्नं लावली, पण अल्बममध्ये माझा नुसता हात असतो. एखादा बरा आला असेल तर द्या. घरी दाखवीन."

मी जिलेबी ठेवली खाली. ते हात फोटोतून गुरुजींना कापून उरलेले असतात आणि कापणाऱ्यांत मीही आहे. चौकट नेटकी दिसावी म्हणून.

घरी येऊन ते सगळे 'चुकलेले' फोटो उघडले. एकात गुरुजींनी अंतरपाट घट्ट धरलाय आणि भरल्या डोळ्यांनी ते मुलीकडे बघतायत. तो मोठा छापून दिला.

कॅमेरा चांगला आहे, घ्या. मात्र डोळे शोधायची ती सोय लग्नात बंद ठेवा. मीही ठेवतो, फक्त सुरुवातीला एकदा चालू करतो, गुरुजींसाठी.