धुक्यातलं ताट

निपाणीत आमचा तंबाखूचा व्यापार. व्यापार आणि राजकारण शिकायला आप्पांनी मला विलायतेला धाडलं, तेव्हा आईनं एकच बजावलं, "दिवस मावळल्यावर घास घेऊ नकोस रं." आम्ही जैन. अंधारात अन्नात पडलेला जीव दिसत नाही, म्हणून दिवसाउजेडी जेवायचं. मी लगेच हो म्हणालो. सूर्य मावळला की नाही, हे काय माणसाला कळत नाही?

लंडनला हिवाळ्यात एका दुपारी जेवायला बसलो आणि खिडकीबाहेर पिवळं धुकं उतरलं. रस्त्यावरचे दिवे लागले. घड्याळात एक वाजला होता, पण माझा त्या घड्याळावर विश्वास बसेना. ताटातला उकडलेला कोबी काळा दिसत होता आणि त्यात काहीतरी हलतंय असं वाटत होतं. ताट सारलं. उपाशीच वर्गात गेलो. प्राध्यापक साम्राज्याच्या व्यापाराबद्दल बोलत होते, मी खिडकीकडं बघत होतो. धुकं बरेच दिवस हटलं नाही. रोज दुपारचं ताट तसंच परत जायचं, आणि हा सूर्य आता दिसणारच नाही या भीतीनं मी पुन्हा पुन्हा खिडकीशी जायचो.

घरी परतल्यावर एकदा भर दुपारी आभाळ भरून आलं. स्वयंपाकघरात काळोख झाला. मी ताटाला हात लावला नाही.

आई म्हणाली, "जेव की. दिवस हाय वर. दिसत न्हाय म्हणून काय बुडाला व्हय?"

हे तिनं मी विलायतेला निघताना सांगायचं होतं. मी मान हलवली, भात कालवला, आणि तशाच भाताच्या हातानं उठून अंगणात आभाळ बघायला गेलो.