हिरामणची कुजबुज

आमच्या हौशी नाटकमंडळीत मी राजे, खलनायक, सासरे सगळे केले. पण आम्हाला तारलं ते हिरामणने. आमच्या गावातल्या द्वारका चौकात सायकलचे सुटे भाग विकायचा आणि संध्याकाळी आमचा प्रॉम्प्टर व्हायचा. विंगेत पुस्तक घेऊन उभा राहिला की नट निर्धास्त! कुजबुज मात्र अशी खणखणीत, की पहिल्या रांगेला नाटक दोनदा ऐकू यायचं.

अठ्ठ्याण्णव साली त्याची लेक संध्या शाळेच्या नाटकात वैद्यबुवा झाली. शाळेने प्रॉम्प्टिंगला अर्थात हिरामणलाच बोलावलं. संध्याने राजाची नाडी धरली, डोळे मिटले आणि थांबली. सुंदर पॉज! मी खुर्चीत सरसावून बसलो. तेवढ्यात विंगेतून हिरामणच्या आवाजात तिचं पुढचं वाक्य आलं, "महाराज, तुम्ही आळशी आहात!"

सभागृह हसून लोळलं.

"पुन्हा मध्ये बोलू नका," एवढं सुनावून संध्या घरी बापाशी बोलेना. हिरामण माझ्याकडे आला, चहाही घेईना.

"अण्णा, इतकी वर्षं मोठमोठ्या नटांचे पॉज सांभाळले. पोरीचाच खाल्ला."

"अरे, नट विसरला तर तुझी छाती धडधडत नव्हती."

"हिच्या वेळी धडधडते हो. रस्ता ओलांडताना, पेपरला जाताना, सगळीकडे मी आधी बोलतो. तिला वाटेल, बापाचा आपल्यावर भरवसाच नाही. म्हणजे बाप म्हणून मी नापासच की!"

तेच नाटक आंतरशालेय स्पर्धेत उतरलं, तेव्हा तो विंगेत गेलाच नाही. शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसला, तोंडात रुमाल कोंबून. संध्याने नाडी धरली, थांबली. थांबलीच. मग विंगेकडे पाहिलं. मला कळलं, हा पॉज नाही, पोर विसरली आहे. हिरामण अर्धा उठला. मी त्याचा सदरा ओढून खाली बसवला.

"महाराज, दुसरा हात दाखवा," संध्या म्हणाली. दुसरी नाडी पाहिली. "हं. आता जीभ दाखवा." राजाने बिचाऱ्याने जीभ काढली. लोक हसत असतानाच तिला वाक्य आठवलं, तिने ते ठणकावलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर आल्याबरोबर तिने बापाला गाठलं. "पप्पा, कुठे होतात? मी विसरले ना!"

"अगं, तूच म्हणालीस..."

"बोलू नका म्हणाले. येऊ नका कुठे म्हणाले?"

मग दोघांचा करार झाला. हिरामणने विंगेत उभं राहायचं, पण गप्प. अडलं तर ती बघेल, मगच सांगायचं.

अंतिम फेरीत तो पुस्तक उघडून, ओठ घट्ट मिटून उभा राहिला. पडदा पडल्यावर घामाने भिजलेला बाहेर आला.

"एकदाही बघितलं नाही!" तो शाळेच्या बाईंना सांगत सुटला, चहावाल्याला, ओळख नसलेल्या एका रिक्षावाल्यालासुद्धा. "पूर्ण नाटक, एकदाही नाही!"

मग गर्दीतून मला बाजूला ओढलं आणि, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, एकदा तरी बघायला हवं होतं, नाही का?"