साडूंची खुर्ची

आमच्या साडूंइतकं काहीही न बोलता नाव कमावलेला माणूस मध्य प्रदेशातल्या अख्ख्या बालाघाटात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये असं माझं प्रामाणिक मत आहे. एक झाला तेवढ्यानेच मला पुरेसा त्रास झाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघेही नागपुरात मानसशास्त्र शिकलो आणि साठ सालानंतर कधीतरी दोघेही गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात चिकटलो. मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा नागपूरहून येत आणि गोळ्या लिहून देत. उरलेले दिवस पेशंटशी बोलून त्याचं मन हलकं करण्याचं काम आमच्याकडे होतं. गावात त्याला ‘बातों का दवाखाना’ म्हणत. मला हे नाव फार आवडे, कारण बाता मी करत असे. साडू नुसते बसत.

त्या बसण्याचीही एक तऱ्हा होती. पेशंट समोर आला की ते चष्मा काढून खिशात ठेवत. विचारलं तर म्हणत, ‘‘दिसलं का मंग ऐकू कमी येते.’’ बिरसा गावाकडून बसने आलेला एखादा माणूस तासभर घुम्यासारखा बसला तर हेही तासभर घुम्यासारखे बसत, आणि जाताना तोच माणूस ‘‘बहुत आराम मिला साहब’’ म्हणून त्यांच्या पाया पडे. मी ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला, ते मात्र बस चुकेल म्हणून घाईने निघत. साडूंकडे सायकल होती, पण ती ते हातात धरून चालवत. वाटेत कुणाला काही सांगावंसं वाटलं तर उतरण्यात वेळ जायला नको म्हणून! सासुरवाडी वारासिवनीला. तिथे पाटोड्यांचा रस्सा वाढताना सासूबाई त्यांच्या ताटाशी रेंगाळत, गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळं सांगत, आणि सांगता सांगता त्यांच्या वाटीत पाटोड्या पडत राहत. माझ्या वाटीत रस्सा असे. माझी सख्खी बायको म्हणे, ‘‘भाऊजीशी बोललं का कसं मोकळं वाटते!’’ मी मनाचा पदवीधर, आणि हे माझ्याच घरात.

अशात डॉक्टरांनी जाहीर केलं की आता नागपूरहून शिकाऊ मुलं येतील, पेशंटशी बोलायला इथे शिकतील, आणि त्यांचं काम ऐकून त्यांना वळण लावायला आपल्यातलाच एक सुपरवायझर नेमायचा. ती जागा माझीच आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी नवा कोट शिवला. डॉक्टरांनी दोघांना बोलावून विचारलं, ‘‘शिकाऊ मुलगा चुकला तर काय कराल?’’ मी चुकांचे प्रकार, त्यांची कारणं आणि त्यांवरचे उपाय सांगितले. डॉक्टरांचा चहा थंड झाला तरी माझे उपाय संपेनात. साडू म्हणाले, ‘‘आता काय सांगू? तो चुकल तवा त्यालेच पुसीन.’’ झालं. खुर्ची त्यांना मिळाली. सासूबाईंनी वारासिवनीभर सांगितलं की थोरला जावई सुपरवायझर झाला, तेव्हा बांधकामावरचा सुपरवायझर समजून एक शेतकरी गावच्या पुलियाचं काम कधी निघणार हे विचारायला त्यांच्याकडे आला. साडूंनी त्याचंही सगळं ऐकून घेतलं. तो समाधानाने गेला, हे ऐकून मी रात्री जेवलो नाही.

पहिल्याच तुकडीत पुण्याची एक हुशार मुलगी होती. हट्टा गावाकडची एक बाई तिच्याकडे येई. लेकीचं लग्न झाल्यापासून तिची झोप उडाली होती. मुलीने तिला फिरायला जा, शेजारणीत बसा, असं पुष्कळ सांगितलं. बाई प्रत्येक वेळी ‘‘हौ’’ म्हणाली आणि यायचीच बंद झाली. ‘‘सर, त्यांना सगळं पटलं होतं,’’ मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. बाई हट्टी आहे, असं मी न विचारताच सांगून टाकलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

‘‘तो हौ कसा होता, पोरी? म्हनून दाखव.’’

मुलगी म्हणाली, ‘‘हो.’’

‘‘हो नाही. हौ. लांबवला होता का तोडला होता?’’

मग दुपारभर व्हरांड्यात हौची तालीम चालली. कबूल असल्याचा हौ, भांडणाचा हौ, ‘सांगून राह्यला तं सांग बापा’ असा हौ. पुढे त्या हट्ट्याच्या बाईचा हौ मुलीला अचूक साधला आणि ती स्वतःच म्हणाली, ‘‘सर, त्या थकल्या होत्या. मला गप्प करत होत्या!’’ तिने निरोप धाडून बाईला परत बोलावलं, आणि या वेळी हौ आल्यावर काहीच न बोलता थांबली. बऱ्याच वेळाने बाई म्हणाली, ‘‘पोरगी गेली तं मले कोनासाठी रांधू समजत नाही, बाई.’’ आणि रडली. मुलगी धावत साडूंकडे गेली. मी मध्येच उभा होतो, मला वळसा घालून गेली. हेवा तर वाटलाच. शिवाय घरी बायकोचे इतक्या वर्षांचे हौ मी होकार म्हणून जमा धरले होते, ती काळजी वेगळीच.

पुढे साडूंचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. त्यांनी कुरकुर न करता खुर्ची सोडली आणि डॉक्टरांना माझं नाव सांगितलं. आता मी सुपरवायझर आहे. मुलं मला सर म्हणतात, माझं ऐकतात, काही तर टिपूनही घेतात. पण एखाद्या पेशंटपाशी मीच अडलो की माझं कोण ऐकणार? संध्याकाळी पाय त्यांच्या घराकडे वळतात. मी बोलतो. त्यांना त्यातलं काही पोचत नाही हे दोघांनाही माहीत असतं, तरी उठताना बरं वाटतं, आणि त्याचाही मला रागच येतो.

परवा असाच बसलो होतो. मेव्हणी आत स्वयंपाकात होती. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘साडूबुवा, जन्मभर मले तुमचा हेवा वाटला. तुमच्यासारखं मले कधी जमलं नाही.’’

ते पुढे वाकले, कानामागे हात धरून म्हणाले, ‘‘जोरानं बोला नं. ऐकूच नाही येऊन राह्यलं.’’

मी तोंड उघडलं. ते वाट पाहत राहिले.

‘‘म्हटलं, जेवन झालं काय?’’ मी ओरडलो.