मनाई असलेली सूची

कपाट आवरताना जुन्या बॅकअप टेपचा उबट प्लास्टिकचा वास आला आणि मी मनाने तुळिंजच्या त्या रुग्णालयातील संगणक-कक्षात पोहोचलो, जिथे मी नोकरीला होतो. गास गावच्या एक मावशी दारात उभ्या होत्या. "जुना स्कॅन बगल्याबिगर डॉक्टर पोराला हात लावनार नाय."

"सगळ्या टेपा चाळाव्या लागतील. परवा या," व्यवस्थापक म्हणाले.

"थांबा, मावशी," मी म्हणालो. कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे, याची सूची मी संगणकात करून ठेवली होती. चहा निवण्याआधी स्कॅन पडद्यावर उमटला.

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "सूची बनवण्यापायी यंत्र अडकून पडतं, बाकीची कामं थांबतात. करू नका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत, साहेब. उद्याच्या टेपचीही करणार आहे," मी पुटपुटलो.

तेव्हा वाटले, फार उद्धट बोललो. आज खंत एवढीच, की ते इतक्या हळू आवाजात बोललो.