तांबड्या खुणांपुरतं भांडण

बातमी कोर्टातच कळली. साक्षीदाराची उलटतपासणी अर्ध्यावर आली होती. एक सहकारी जवळ येऊन हळूच म्हणाले, "अण्णा गेले." मी पुढचा प्रश्न विचारला. उत्तर काय आलं ते आठवत नाही... त्याला आता महिना होत आला.

अण्णा माझे नात्याचे नव्हते. बंगळूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत वडीलधाऱ्या माणसाला अण्णा म्हणायचं, म्हणून ते अण्णा. बाई वकिली कशी करते हे बघायला लोक कोर्टात डोकावायचे, त्या दिवसांत त्यांनी मला हाताखाली घेतलं. पहिल्याच दिवशी नकाशांची भेंडोळी पुढ्यात टाकून त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "कायदा शिकून आलीस, सरी, बरं झालं. आता स्वल्प, थोडी इमारतही वाचायला शीक."

भाषावार प्रांतरचना झाली त्या सुमारास त्यांच्याकडे एक दावा आला. एका धर्मादाय मंडळाचं प्रसूतिगृह छतापर्यंत आलं आणि भिंतींना भेगा पडल्या. मंडळानं ठेकेदाराला कोर्टात खेचलं. ठेकेदार म्हणे, नकाशाच चुकीचा. नकाशा काढणारा वास्तुकार म्हणे, मंडळानं जागाच बुजवलेल्या तळ्यावरची दिली. प्रत्येकाचा वकील वेगळा, तज्ज्ञ वेगळा. तारखा पडत राहिल्या आणि बायका पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत होत राहिल्या.

अण्णा मंडळाचे वकील. कोर्टाची परवानगी काढून त्यांनी तिन्ही बाजूंच्या इंजिनिअरांना त्या अर्धवट इमारतीत एकत्र नेलं. एकच नकाशा फळीवर पसरला. "दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. भेग कुठं आहे, एवढंच आज आपण बघू," म्हणाले. जे सगळ्यांना मान्य, तिथं निळी खूण. जिथं वाद, तिथं तांबडी. आधी कोणी कोणाशी बोलेना. मग दोघं एका खांबापाशी वाकून बघायला लागले, तिसराही वाकला... ऊन उतरेपर्यंत नकाशा बहुतेक निळा झाला. तांबडा राहिला तो पायाचा एक कोपरा. एवढ्यासाठी इतकी वर्षं!

पुढच्या तारखेला ठेकेदाराचे वकील आलेच नाहीत. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. ठेकेदार एकटाच हात जोडून उभा. मंडळाचे चिटणीस अण्णांच्या कानाशी लागले, "आजच एकतर्फी निकाल मागा. अशी संधी परत येणार नाही."

"आज मिळालेला निकाल उद्या रद्द होईल, आणि आपण पुन्हा पहिल्या विटेवर येऊ," अण्णा म्हणाले. मग उठले आणि समोरच्या पक्षाला दुसरा वकील नेमायला मुदत द्यावी, अशी विनंती त्यांनी स्वतःच केली.

बाहेर व्हरांड्यात चिटणीस सगळ्यांदेखत ओरडले, "तुम्ही आमचे वकील की त्यांचे?" अण्णांनी कागद गोळा केले आणि त्यांच्या हातात ठेवले. चेहरा शांत होता. पण त्या दिवशी घरी जाताना ते वाटेतल्या एकाही बांधकामापाशी थांबले नाहीत.

मंडळानं दुसरा वकील दिला. पुढं यथावकाश तडजोड झाली, ती त्या तांबड्या कोपऱ्यापुरतीच. पाया खोल घेतला, इमारत पुरी झाली. उद्घाटनाला अण्णांना कोणी बोलावलं नाही.

काही दिवसांनी तेच म्हणाले, "चल, बघून येऊ." भेटीची वेळ नव्हती, पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. अण्णांची नजर जोत्यावरून फिरत होती, कुठं ओल दिसते का, कुठं तडा... तेवढ्यात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. कोवळं, पण चांगलं खणखणीत. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"साक्ष झाली," ते म्हणाले. "चल."

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे अवघड काम होतं. कुठंही बांधकामाच्या परांच्या दिसल्या, मातीचा ढीग दिसला, की ते थांबलेच. गवंड्यांशी कानडीत गप्पा सुरू. मी आपली घड्याळ बघत, "अण्णा, उशीर होतोय," म्हणून त्यांना ओढून न्यायची. परवा जयनगरच्या बाजूला कुणाच्या तरी घराचं जोतं भरत होते. मी थांबले. बराच वेळ बघत राहिले. ऊन चढलं, गवंडी जेवायला बसले... उशीर होतोय म्हणणारं कोणी नव्हतं.